‘वय झालं’ म्हणण्याआधी : प्रौढ वयात शरीराचा आणि मनाचा आढावा कसा घ्यावा

जिना चढताना धाप लागली, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येईना, रात्री तीनला जाग आली की आपण एकच निदान करून मोकळे होतो : वय झालं. पस्तिशीतला माणूस हे म्हणतो आणि पंचाहत्तरीतलाही. या निदानाचा मोठा तोटा म्हणजे त्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही. खरं तर प्रौढ वयात जाणवणाऱ्या बहुतेक बदलांमागे तीन कारणं असतात, आणि बऱ्याचदा ती एकमेकांत मिसळलेली असतात : खरोखरचं वय, वापर थांबणं आणि आजार. वयाने घडलेल्या बदलाशी जुळवून घ्यावं लागतं, वापर थांबल्याने गेलेलं बऱ्याच अंशी परत मिळवता येतं आणि आजारावर उपचार असतात. तिन्हींची गल्लत झाली की परत मिळण्यासारखं आपण सोडून देतो आणि उपचार होण्यासारखं अंगावर काढतो.

ही विभागणी स्वतःपुरती कशी करायची आणि ती झाल्यावर काय करायचं, ते पुढे सांगतो. वय पंचवीस असो की ऐंशी, पद्धत तीच. एक वही, पेन आणि सुट्टीची एक सकाळ पुरे.

पायरी १ : डोक्यातला आलेख दुरुस्त करा

पंचविशीपर्यंत चढ, चाळिशीपर्यंत सपाटी, मग उतार असा एकच आलेख बहुतेकांच्या मनात असतो. प्रत्यक्षात शरीराचा प्रत्येक भाग आणि मनाची प्रत्येक क्षमता आपापल्या वेळापत्रकाने चालते.

मेंदूचा कपाळामागचा भाग, म्हणजे नियोजन करणारा आणि आवेगांना आवर घालणारा भाग, पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. हाडांची घनता तिशीच्या आसपास सर्वाधिक असते. स्नायूंचं वजन तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतं आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटकन ताकद लावणारे तंतू आधी आक्रसतात. म्हणून वजन उचलता येत असूनही खुर्चीतून चटकन उठणं किंवा पाय घसरताच स्वतःला सावरणं आधी अवघड होतं. डोळ्याचं भिंग लहानपणापासूनच हळूहळू ताठर होत असतं, आपल्याला ते जाणवतं चाळिशीच्या पुढे, बारीक अक्षरं लांब धरावी लागतात तेव्हा. ऐकण्यात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं याच पट्टीत येत असल्यामुळे माणूस म्हणतो, ‘आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.’

चयापचयाबद्दलची समजूतही इथेच तपासून घ्या. चाळिशीत वजन वाढलं की ‘मेटाबॉलिझम मंदावला’ असं सर्रास म्हटलं जातं. हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवरून २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जे मांडलं ते वेगळं आहे. शरीराचा आकार आणि स्नायूंचं प्रमाण लक्षात घेतलं, तर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर असतो. घसरण साठीनंतर सुरू होते, तीही वर्षाला एक टक्क्याहून कमी. मधल्या वयात वाढलेल्या पोटाची कारणं म्हणूनच आधी हालचाल, झोप, ताण आणि खाणं यांत शोधावीत.

बुद्धीचंही तसंच आहे. माहितीवर झटपट प्रक्रिया करण्याचा वेग विशीच्या सुरुवातीपासूनच ओसरू लागतो. शब्दसंग्रह मात्र साठीपर्यंत, कित्येकांचा त्याही पुढे, वाढत राहतो आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचं कसब मध्यम वयात चांगलं टिकून असतं. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने नव्या कोड्याशी झटणारी ‘प्रवाही’ बुद्धी आणि अनुभवातून साठत जाणारी ‘संचित’ बुद्धी असा भेद केला होता तो याचसाठी. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये सिएटलला सुरू केलेल्या अभ्यासात तर त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. बहुतेक क्षमतांमध्ये ठळक घट साठीनंतरच दिसली आणि प्रत्येकाची वाट वेगळी निघाली.

स्वभावही ‘ठरून गेलेला’ नसतो. दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले, तर जबाबदारीची जाण आणि भावनिक स्थैर्य वयाबरोबर वाढताना दिसतं. सर्वांत जास्त बदल वीस ते चाळीस या वर्षांत होतो. ‘मी आहेच असा तापट’ हे पंचविशीत म्हणणाऱ्याने एवढं जरूर लक्षात ठेवावं.

पायरी २ : आपली आजची नोंद करा

वहीच्या एका पानावर आजची तारीख घाला. खालच्या गोष्टी मोजायला अर्धा तास लागेल. छातीत दुखणं, चक्कर किंवा हृदयविकाराचा इतिहास असेल, तर चाचण्या करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खुर्चीची चाचणी : हात नसलेली, सुमारे ४३ सेंटिमीटर उंच आसनाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं, ते मोजा. साठ ते चौसष्ट वयोगटात पुरुषांना १४ आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. सत्तर ते चौऱ्याहत्तरमध्ये हे आकडे १२ आणि १० असे आहेत. तुम्ही तिशी-चाळिशीत असाल आणि साठीचा आकडा गाठताना दम लागत असेल, तर पानावर तसंच लिहा.

एका पायावर उभं राहणं : भिंतीजवळ, शक्यतो कोणी सोबत असताना, १० सेकंद. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षांच्या १,७०२ जणांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर पाचांतल्या एकाला हे जमलं नाही, आणि अशांमध्ये पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. तोल गेला म्हणून कोणी मरत नाही. पण पायांचे स्नायू, नजर, आतला कान आणि मज्जासंस्था यांची एकत्र परीक्षा इतक्या स्वस्तात दुसरीकडे होत नाही.

याशिवाय रक्तदाब, कमरेचा घेर, झोपेचे तास, न थांबता किती मजले चढता येतात, बारीक छपाई किती अंतरावर वाचता येते आणि गोंगाटात बोलणं कळतं की नाही, हेही लिहा. शेवटचं घरच्यांना विचारा. ऐकू कमी येणाऱ्याला ते सगळ्यांत शेवटी कळतं.

पानाच्या दुसऱ्या बाजूला मनाच्या नोंदी करा. इथे आकडे नकोत, सरळ वाक्यं लिहा. गेल्या वर्षात नवीन काय शिकलो? मध्यरात्री अडचण आली तर कोणाला फोन करू शकतो? कोणत्या गोष्टीचं वाईट वाटत राहिलं? कोणाला माझा उपयोग झाला? पूर्वी आवडायचं आणि आता करत नाही, असं काय आहे? उत्तरं चांगली दिसावीत म्हणून घासूनपुसून लिहू नका. हे पान फक्त तुमच्यासाठी आहे.

पायरी ३ : तीन रकाने पाडा

माझ्या मते सगळ्यांत मोलाची पायरी हीच. नवीन पानावर ‘वय’, ‘वापर नाही’ आणि ‘आजार असू शकेल’ असे तीन रकाने काढा आणि जाणवलेला प्रत्येक बदल योग्य रकान्यात टाका.

वापर थांबल्याने काय होतं, हे डॅलसच्या प्रयोगाइतकं क्वचितच कुठे स्वच्छ दिसलं असेल. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणात ठेवलं गेलं. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता, म्हणजेच दमाची ताकद, चांगलीच खालावली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पन्नाशीत पुन्हा तपासलं. तीन दशकांच्या वयवाढीने जेवढी घट झाली होती, त्याहून जास्त घट तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांनी केली होती. पुढे सहा महिने त्यांच्याकडून हळूहळू वाढवत नेलेला चालण्या-धावण्याचा, सायकलचा व्यायाम करून घेतला, तेव्हा दमाची ताकद विशीतल्या सुरुवातीच्या पातळीला परतली. विशीत व्यायामानंतर गाठलेली सर्वोच्च पातळी मात्र कोणालाच पुन्हा गाठता आली नाही. सर्वोच्च टोक खाली आलं ते वयाने. रोजच्या पातळीची घसरण मोठ्या प्रमाणात न वापरल्याची होती.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, पंचावन्न वर्षांच्या बाईंना दोन मजले चढल्यावर धाप लागते, रात्री झोप तुटते, चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि हल्ली चिडचिड होते. चष्मा सरळ ‘वय’ या रकान्यात जातो, तिथे फार विचार नको. धाप लागण्याचं कारण तिन्हीकडे असू शकतं. गेली काही वर्षं बैठं काम असेल आणि धाप हळूहळू वाढली असेल, तर ‘वापर नाही’. पण ती काही आठवड्यांतच वाढली असेल, सोबत छाती भरून येत असेल किंवा पाय सुजत असतील, तर ‘आजार’, आणि मग व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टर. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असलं तरी धाप लागते. तुटणारी झोप आणि चिडचिड पाळी जाण्याच्या काळामुळे असेल, घोरण्यातून झोपेत श्वास अडकत असल्यामुळे असेल, थायरॉइडमुळे असेल किंवा नैराश्यामुळेही. एका ‘वय झालं’च्या जागी आता चार वेगळ्या गोष्टी झाल्या आणि प्रत्येकीला हात घालायची वेगळी जागा सापडली.

बदल कोणत्या रकान्यात टाकायचा याबद्दल शंका असेल, तेव्हा त्याचा वेग बघा. वय सावकाश चालतं, वर्षावर्षांनी. दिवसांत किंवा आठवड्यांत झालेला बदल वयाचा नसतो.

पायरी ४ : वयोगटानुसार शरीराचं काम ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी सर्व प्रौढांना लागू आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. पासष्टीनंतर यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामाची भर. चालणं बहुतेकांना पटतं, ताकदीचा व्यायाम मात्र मागे पडतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की, एकच गोष्ट नव्याने सुरू करायची असेल तर ती ताकदीची असू दे.

विशी ते पस्तिशी : हाडांची ठेव याच काळात पूर्ण होते, पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च होणार असतो. उड्या, धावणं, वजन उचलणं यांनी हाडांना भार मिळतो. तंबाखू आणि अपुरी झोप यांचं नुकसान या वयात दिसत नाही, म्हणूनच ते होत राहतं. रक्तदाब एकदा तरी मोजून ठेवा. पुढे तुलना करायला तो आकडा हाताशी असतो.

पस्तिशी ते पंचेचाळिशी : घर, काम, मुलं, आई-वडील सगळं एकदम अंगावर येतं आणि शरीरासाठीचा वेळ आधी कापला जातो. दुखणं फारसं नसतं, पण वापर याच वर्षांत सर्वाधिक घटतो. वेळ नसेल तर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं बैठका, दंड आणि वजन उचलणं एवढं तरी राखा. रक्तातली साखर आणि कोलेस्टेरॉलही या काळात तपासायला लागा.

पंचेचाळिशी ते साठी : इथे जरा थांबायला हवं, कारण या वर्षांबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. स्त्रियांची पाळी साधारण ४५ ते ५५ या वयात थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असं मानतात. त्याआधीची काही वर्षं पाळीची अनियमितता, अंगातून गरम वाफा आल्यासारखं वाटणं, रात्रीचा घाम, तुटक झोप, सांधेदुखी, विस्मरण आणि मूड बदलणं हे सगळं होऊ शकतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटलं की हाडं झपाट्याने झिजतात, पहिल्या काही वर्षांत वर्षाला दोन टक्क्यांपर्यंतही. हृदयाला असलेलं संरक्षणही कमी होतं. यातलं काहीही ‘सोसायचंच असतं’ या सदरात टाकू नका. त्रास जास्त असेल तर संप्रेरक उपचारांसह अनेक पर्याय आहेत, आणि साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत त्यांचा विचार करणं सहसा अधिक सोयीचं ठरतं. कोणाला चालतील आणि कोणाला नाहीत, हे डॉक्टर तुमचा इतिहास पाहून ठरवतील. दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. चाळिशीच्या आत पाळी थांबली, तर तपासणी हवीच. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, अगदी एकदाच आणि थोडासा झाला, तरी वाट न पाहता दाखवायचं.

पुरुषांमध्ये असा ठळक टप्पा नसतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-संप्रेरक मध्यम वयापासून वर्षाला साधारण एक टक्क्याने घटतं. लैंगिक उत्तेजना टिकत नसेल, तर लाजेपोटी गप्प बसू नका आणि परस्पर औषध घेऊ नका. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असल्यामुळे त्या आधी अडखळतात. ही तक्रार म्हणजे कधीकधी हृदयविकाराची काही वर्षं आधी मिळालेली सूचना असते.

साठीच्या पुढे : ‘या वयात कुठे व्यायाम’ असं वाटत असेल, तर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला बॉस्टनचा प्रयोग आठवा. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या दहा अशक्त, नव्वदीच्या घरातल्या स्त्री-पुरुषांना देखरेखीखाली आठ आठवडे पायांचे ताकदीचे व्यायाम दिले. ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच पटींच्याही पुढे गेली. नव्वदीतला स्नायूही शिकवलेलं शिकतो.

या वयात तहान कमी लागते, मूत्रपिंडाचं काम मंदावतं, औषधं शरीरात जास्त वेळ राहतात. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि मद्य यांचा परिणाम पूर्वीपेक्षा तीव्र होतो आणि त्यातून पडणं, गोंधळणं घडतं. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या वर्षातून एकदा एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि ‘यातली कोणती बंद करता येईल?’ असं स्वतःहून विचारा. आजारपणात अंथरुणाला खिळून राहणं शक्य तेवढं टाळा. म्हातारपणी दहा दिवसांच्या पूर्ण विश्रांतीतही पायांचे स्नायू लक्षणीय घटतात आणि ते भरून यायला खूप जास्त वेळ लागतो.

पायरी ५ : विस्मरणाची भीती तपासून घ्या

नाव आत्ता आठवलं नाही आणि अंघोळ करताना आपोआप आठवलं, तर ते वयाचं आहे. स्मृती शाबूत आहे, फक्त शोधायला वेळ लागतोय. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, खोलीत आल्यावर ‘कशाला आलो’ असं वाटणं हेही त्यातच येतं, आणि बहुतेकदा त्यामागे एका वेळी चार गोष्टी डोक्यात असणं हे कारण असतं.

रोजच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं सहज केलेला हिशेब किंवा काम क्रमाने न जमणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं आणि आधी विचारल्याचं सांगूनही न आठवणं, साधे शब्द न सापडणं, स्वभाव पालटणं या गोष्टी वेगळ्या रकान्यातल्या. विशेषतः स्वतःपेक्षा जवळच्यांना जास्त काळजी वाटत असेल, तर तपासणीला उशीर करू नका. ब १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, औषधांचे दुष्परिणाम यांमुळेही स्मृती गडबडते आणि ती सुधारते. वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर त्यामागे जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी किंवा क्षार कमी होणं, नवीन औषध अशी कारणं असू शकतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. चेहरा वाकडा झाला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मिनिटंही महत्त्वाची असतात.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्यासारखे १४ धोके मांडले आणि ते सगळे दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा अंदाज दिला. त्या यादीत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आहेत, तसंच उपचार न केलेला बहिरेपणा आणि अधू नजरही आहे. श्रवणयंत्राची लाज वाटून ते कपाटात ठेवणारे खूप भेटतात. संभाषणातून माणूस तुटतो तो तिथून, म्हणून हे जरा कळकळीने सांगतो : यंत्र वापरा, आणि सवय व्हायला काही आठवडे द्या.

पायरी ६ : मनाचं कोणतं काम अडलंय ते ओळखा

शरीर घटतं आणि मन नुसतं सोबत फिरतं, असं नसतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या मनाच्या विकासाच्या आठ टप्प्यांपैकी शेवटचे तीन प्रौढ वयातले आहेत. तरुणपणी कोणाशी खरी जवळीक साधता येते का, मध्यम वयात पुढच्यांसाठी आपल्या हातून काही घडतं का, आणि उतारवयात जगलेलं आयुष्य आपलं म्हणून स्वीकारता येतं का, हे ते तीन प्रश्न. ते अगदी वयाच्या क्रमानेच येतात असं मी मानत नाही. घटस्फोटानंतर पन्नाशीत पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो आणि गंभीर आजारात तिशीतही तिसरा. म्हणून वय न बघता अडलेलं काम बघा.

त्यासाठी पायरी २ मधली मनाची वाक्यं पुन्हा वाचा. ‘कोणाला फोन करू शकतो’ ही जागा रिकामी असेल, तर काम जवळिकीचं आहे. सगळं सुरळीत असून पोकळ वाटत असेल आणि ‘कोणाला माझा उपयोग झाला’ इथे पेन थबकत असेल, तर काम दुसरं. त्यावर उपाय म्हणून नोकरी सोडण्याची गरज क्वचितच असते. आपल्याला येणारी एक गोष्ट एका माणसाला नीट शिकवणं, एवढ्याने सुरुवात होते. जुने सल परत परत वर येत असतील, तर रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये ज्याबद्दल लिहिलं तो आयुष्याचा आढावा घ्या. दर आठवड्याला आयुष्यातलं एक दशक घ्या. त्यातली एक अभिमानाची घटना, एक पश्चात्तापाची आणि एक ज्याचा अर्थ आता वेगळा लागतो अशी, या तिन्ही लिहून काढा. विश्वासातल्या माणसाला त्या सांगता आल्या, तर अधिक बरं. लिहिताना दुःख आवरेनासं झालं तर तो प्रयोग एकट्याने पुढे रेटू नका, समुपदेशकाची मदत घ्या.

‘मिडलाइफ क्रायसिस’ची, म्हणजे मध्यम वयात येणाऱ्या मानसिक संकटाची, धास्ती मात्र सोडा. ही कल्पना १९६५ मध्ये एलियट जॅक्स यांनी मांडली आणि ती वणव्यासारखी पसरली. पण मोठ्या पाहण्यांमध्ये बहुतेक माणसांना असं संकट आल्याचं दिसत नाही. ज्यांना आलं त्यांनी सांगितलेल्या हकिकतींत बऱ्याचदा नोकरी जाणं, नातं तुटणं, आजार किंवा मृत्यू होता. चाळिशीत मन बिथरलं तर ‘या वयात होतंच’ म्हणू नका, काय घडलं ते शोधा. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणं, कशात रस नसणं, झोप-भूक बिघडणं, जगण्याचा कंटाळा येणं हे कोणत्याही वयात ‘आजार असू शकेल’ या रकान्यातलंच आहे. म्हातारपणचं नैराश्य तर दुखण्यांच्या आणि विस्मरणाच्या तक्रारींआड दडतं.

मनाला त्रास देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तुलना. लग्न, मूल, घर, बढती यांची एक ‘योग्य वेळ’ समाज ठरवून टाकतो. बर्निस न्यूगार्टन यांनी याला सामाजिक घड्याळ म्हटलं. आपल्या वहीतल्या पश्चात्तापांपैकी कोणते खरोखर आपले आहेत आणि कोणते फक्त या घड्याळाला उशीर झाल्याचे आहेत, यांवर वेगळी खूण करा. यादी बरीच हलकी होते.

पायरी ७ : माणसं राखा

हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या प्रौढ विकासाच्या अभ्यासात पन्नाशीत नात्यांमध्ये समाधानी असलेली माणसं ऐंशीत अधिक निरोगी आढळली. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा हे समाधान पुढच्या प्रकृतीचा जास्त चांगला अंदाज देत होतं. त्या अभ्यासात सुरुवातीला फक्त पुरुष होते, हे ध्यानात ठेवूनही तो निष्कर्ष बाजूला सारता येत नाही.

वयाबरोबर ओळखींचं वर्तुळ आक्रसतं आणि ते नेहमीच वाईट नसतं. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मांडणीनुसार उरलेला वेळ मर्यादित वाटू लागला की माणूस आपणहून जवळची, मनाला बरं वाटणारी नाती निवडतो. काळजी करायची ती वर्तुळाचा गाभाच विरळ होत असेल तेव्हा. निवृत्ती, गाव बदलणं, जोडीदाराचा मृत्यू यांनंतरचं पहिलं वर्ष नाजूक असतं. त्यासाठी निवृत्तीच्या आधीच कामाशी संबंध नसलेली, ठरलेल्या वारी भेटणारी एक तरी मंडळी जोडून ठेवा. ‘कधीतरी भेटू’ने मैत्री टिकत नाही, वार ठरला की टिकते.

पायरी ८ : वयाच्या रकान्यातल्या गोष्टींशी जुळवून घ्या

आता पहिला रकाना. इथल्या गोष्टी परत येणार नाहीत, पण त्यांना वळसा घालता येतो. पॉल बाल्टेस यांनी याचे तीन भाग सांगितले : निवड, सराव आणि भरपाई. त्यांचं आवडतं उदाहरण पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं होतं. ऐंशीच्या वयात इतकं चांगलं कसं वाजवता, असं विचारल्यावर रुबिनस्टाइननी सांगितलं की ते आता कमी रचना वाजवतात, त्यांचाच जास्त सराव करतात आणि वेगवान भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवतात, म्हणजे पुढचा वेग आहे त्याहून जास्त भासतो. पुढे ते एकोणनव्वदीपर्यंत मैफली करत राहिले.

पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर हे तीन प्रश्न लिहा. काय सोडू? जे ठेवतो त्याला जास्त वेळ कुठून देऊ? कमी पडतंय ते कशाने भरून काढू? रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील, तर आधी मोतीबिंदू तपासून घ्या, मग रात्रीचे प्रवास दिवसा ठरवा. नवीन गोष्ट शिकायला वेळ लागत असेल तर दुप्पट वेळ धरून चाला आणि जिथे जुना अनुभव उपयोगी पडेल अशाच क्षेत्रात शिका. सोडलेल्या गोष्टीचं वाईट वाटेल. तेही पानावर लिहा, घाई करू नका.

पायरी ९ : सहा महिन्यांनी पुन्हा मोजा

तिन्ही रकान्यांतून एकेकच काम उचला. सगळं एकदम सुरू केलं की दोन आठवड्यांत सगळंच सुटतं. ‘आजार’ रकान्यातलं काम या आठवड्यातच करायचं, म्हणजे भेटीची वेळ घ्यायची. ‘वापर नाही’मधलं काम सहा ते आठ आठवडे नेटाने करायचं, कारण ताकदीतला फरक साधारण तेवढ्या काळात हाताला लागतो. सहा महिन्यांनी खुर्ची, एक पाय आणि जिना यांची नोंद जुन्या पानाशेजारी लिहा. नेटाने केलेला वापर असूनही आकडा सुधारला नाही किंवा खाली गेला, तर ती ओळ ‘आजार असू शकेल’मध्ये हलवा आणि दोन्ही पानं घेऊनच डॉक्टरांकडे जा. ‘अशक्त वाटतं’ या वाक्यापेक्षा ‘सहा महिन्यांपूर्वी ३० सेकंदांत १३ वेळा उठत होतो, आता ९ वेळा’ हे वाक्य त्यांना जास्त उपयोगी पडतं.